तयार कान

कार्यक्रमाच्या कागदावर चौथ्या ओळीवर वहिनींनी पेन्सिलने एक रेघ मारली आणि कागद मटारच्या सालांवरून माझ्याकडे सरकवला. पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. महिनाभर मी त्या कागदावर घाम गाळला होता, हे आधी सांगायला हवं. वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. चौतीस वर्षं इस्पितळात नर्स, त्यातली शेवटची एकोणीस शस्त्रक्रियेच्या खोलीत, भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या बाजूला. येत्या रविवारी त्यांचा निरोप. इस्पितळातली माणसं, घरातली माणसं, मिळून सत्तर पानं. आणि निरोप म्हटला की चार भाषणं, एक शाल आणि थंडगार बटाटेवडे, असल्या मढं उठवल्यासारख्या समारंभाला माझा कायमचा विरोध. मी जाहीर करून टाकलं होतं, की वहिनींची पार्टी होईल ती सुरांची पार्टी. प्रत्येक टेबलाला एकेका सुराचं नाव. केक कीबोर्डसारखा, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा. दारात शिरताना प्रत्येकाने आपल्या आवडीच्या गाण्याची पहिली ओळ चिठ्ठीवर लिहून टोपलीत टाकायची. तिसऱ्या क्रमांकावर, आता लाजून काय करू, मी स्वतः, चाळीस मिनिटं. आणि चौथ्या क्रमांकावर पार्टीचा कळस: ‘पहिल्या दोन सुरांवरून गाणं ओळखा’. कीबोर्डवाला दोन सूर वाजवणार, लोक ओळखणार, आणि समोर सजवलेल्या उंच खुर्चीत बसून बरोबर की चूक ते सांगणार वहिनी. परीक्षक म्हणून त्यांच्याशिवाय आमच्या घरात दुसरं नाव कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. वहिनींचा कान तयार आहे, हे आमच्या घरात सूर्य पूर्वेला उगवतो तितकं सर्वमान्य होतं.

“हे काढ,” त्या म्हणाल्या.

“का हो? लाजता कशाला? खुर्चीत बसून नुसती मान हलवायची आहे.”

“कुठं हलवायची ते कळायला नको?”

मी हसले. मला वाटलं, विनय. वहिनींचा विनय म्हणजे आमच्याकडचा जुना विनोद आहे. स्वतःच्या वाढदिवसाचा केकसुद्धा त्या सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत लहान घेतात. मी म्हटलं, “वहिनी, तुमच्या कानाला तर—” आणि त्यांनी सोललेली शेंग खाली ठेवली, हात पुसले, आणि रोग्याच्या नातेवाइकांशी बोलताना काढत असतील त्या सरळ, बिनचढउताराच्या आवाजात म्हणाल्या, “मला गाणं कळत नाही गं. कधीच कळलं नाही. लहानपणापासून. शब्द असले तर शब्दांवरून कळतं, की हे ते नव्हे, दुसरं आहे. शब्द काढले की मोरीत भांडी पडल्यासारखं. सगळी गाणी तशीच. थोडी भांडी, जास्त भांडी, एवढाच फरक.” मग वाटीतले मटार त्यांनी एकदा हलवले, आणि मी तोंड उघडं टाकून बसले असणार, कारण त्या म्हणाल्या, “पाणी देऊ का?”

मला पहिल्यांदा राग आला. खोटं कशाला बोलू. दया नाही, आश्चर्य नाही, राग. सव्वीस वर्षं! लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत भिंती इतक्या पातळ होत्या, की मी पहाटे तोंड उघडलं की शेजारचे खोकायला लागायचे. तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, “खाली ये माझ्या स्वयंपाकघरात. तिथं कुणाला त्रास नाही.” तेव्हापासून पहाटे साडेपाचला मी खाली. रात्रपाळी करून आलेल्या असोत, की दिवसपाळीला निघायच्या असोत, वहिनी ओट्याला पाठ लावून, हातात चहाचा कप धरून बसायच्या. मी गायचे. आणि जिथं यायला हवी तिथं, बरोबर तिथंच, ना आधी ना नंतर, हळूच त्यांच्या तोंडून ‘वा’ यायची. त्या ‘वा’वर मी जगले. बस आगारात मी घोषणा करते. दिवसभर काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगते. तिथं माझ्या आवाजाला आजवर कुणी वा म्हटलेलं नाही, उलट गाडी उशिरा आली की लोक काचेकडे बघून मलाच शिव्या देतात. आमचे हे चांगले आहेत, पण गाणं चालू असताना वर्तमानपत्र वाचतात. मैफिलींना मला कधी कुणी बोलावलं नाही. एकदा आपणहून एका मंडळात गाऊन दाखवायला गेले होते, त्यांनी नंतर कळवतो म्हणून सांगितलं, अजून कळवतायत. तेव्हा माझी सगळी भिस्त कशावर? त्या पहाटेच्या एका बाईच्या एका शब्दावर. आणि ती बाई आता मला सांगते, भांडी. माझ्या मनात आलं, आणि आलं ते आलंच, आता लपवण्यात अर्थ नाही: गाढवापुढे वाचली गीता. पुढच्याच क्षणाला स्वतःच्या मनाची इतकी शरम वाटली, की मी खाली वाकून जमिनीवर सांडलेले मटार गोळा करायला लागले.

टेबलाखालूनच मी विचारलं, “मग वा कुठं म्हणायचं ते कसं कळायचं?” माणसासमोर विचारायची हिंमत नव्हती.

“तूच सांगायचीस की.”

“मी?”

“वर येऊन विचार. पाठ धरेल.”

मी वर आले. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. आता लक्षात येतं, त्या नेहमीच असं बघायच्या. मला वाटायचं ऐकतायत. त्या म्हणाल्या, “अवघड जागा आली की तुझ्या मानेची ही शीर वर यायची. डावी. खांदे एवढेसे चढायचे. जमलं की खांदे खाली यायचे आणि भुवई जायची वर. मग मी म्हणायचे वा. जमलं नाही तर जीभ दातांवरून फिरवायचीस. मग मी कपात बघायचे.” आणि खरंच, मला आठवलं, त्या कपात बघायच्या! वाईट गायलेल्या दिवशी वहिनी चहात बघत राहायच्या आणि मी मनात म्हणायचे, काय बाई कान आहे, एक सूर निसटला तर हिला लागतो. एकोणीस वर्षं भूल दिलेल्या माणसांच्या छातीवर आणि गळ्यावर नजर ठेवून उभी राहिलेली बाई. यंत्रं सांगायच्या आधी तिला कळायचं म्हणे, की टेबलावरच्या माणसाचा श्वास अडखळणार आहे. मोठे डॉक्टर हत्यार हातात धरून थांबायचे आणि विचारायचे, “सिस्टर, ठीक?” आणि सिस्टरनी मान हलवल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. ही गोष्ट घरात आम्हाला इस्पितळातून आलेल्या निरोपाच्या पत्रावरून कळली. स्वतः त्यांनी कधी सांगितली नव्हती. तीच नजर पहाटे साडेपाचला माझ्या गळ्यावर असायची, फुकट, रोज, आणि मी समजायचे की त्या माझ्या गाण्याच्या प्रेमात आहेत.

“पण का?” मी म्हटलं. “इतकी वर्षं? झोपायचं सोडून?”

वहिनींनी जरा विचार केला. त्या कधी पटकन उत्तर देत नाहीत. “गाणं कसं असायचं ते देव जाणे,” त्या म्हणाल्या. “पण गाऊन उठलीस की दोन तास तू कुणाशी भांडायची नाहीस. घराला तेवढं पुरे होतं.” हसू आलं मला, रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ठसका लागला. त्यांनी पाठीवर थापटी मारली आणि मग, माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं तेव्हा, पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला. “यांना सांगू नकोस,” त्या म्हणाल्या. “छत्तीस वर्षं हे सगळीकडे सांगत फिरतात, माझ्या बायकोचा कान तयार आहे. यांचं तेवढंच एक आहे गं. त्या खुर्चीत बसले की सत्तर माणसांसमोर उघडं पडेल. माझं काही नाही. यांनी मला गाऊन दाखवलेलं सगळं यांना आठवेल.”

त्या वाक्याने माझा राग कुठल्या कुठे गेला. भावजी, म्हणजे माझे थोरले दीर, छापखान्यात हिशेब बघायचे आणि घरी आले की गायचे. मामंजी गायचे, आमचे हे ढोल बडवायचे, भावजी गायचे, भिंती गायच्या. असल्या घरात एकवीस-बावीस वर्षांची ती मुलगी लग्न होऊन आली आणि पहिल्याच संध्याकाळी मामंजींनी पाऊण तास गाऊन तिला विचारलं, “कसं वाटलं?” वहिनी सांगतात, त्या मामंजींच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. काय बोलायचं? मग त्यांना दिसलं, की म्हाताऱ्यांच्या हनुवटीला शेवटी जरासा कंप होता आणि डोळे ओले होते. त्या म्हणाल्या, “शेवटी शेवटी फार आतून आलं.” मामंजींनी मांडीवर थाप मारली. पोरीचा कान तयार आहे! झालं. एकदा शिक्का बसला तो बसला. पुढे छत्तीस वर्षं ही बाई परक्या देशात बोलावी तशी आमची भाषा बोलत राहिली, एक शब्द न कळता, आणि एकदाही चुकली नाही. मी आगारात परदेशी पाहुण्यांना हातवारे करून फलाट दाखवताना पाच मिनिटांत घामाघूम होते. भावजींनी अलीकडे मला एकदा सांगितलं होतं, की आवाज गेला, वरचे सूर लागत नाहीत, बाहेर कुणापुढे गावंसं वाटत नाही, पण हिच्यासमोर गातो, कारण ही खोटी वा म्हणत नाही. आणि ते खरंच होतं. खोटी नव्हतीच ती. जमलं की म्हणायच्या, नाही जमलं की कपात बघायच्या. तिच्यात खोटं काय होतं ते मी रात्री अंथरुणावर उलटसुलट करून बघितलं, मला सापडलं नाही.

पण माझा गळा बंद झाला. शुक्रवारी पहाटे साडेपाचला जाग आली, खाली गेले नाही. शनिवारी पहाटे जाग आली, खाली गेले नाही. आमच्या ह्यांनी, जे कामानिमित्त बाहेरगावी होते, फोनवर विचारलं, आवाज असा का, तर म्हटलं, घसा बसलाय. बसला नव्हता, आगारात सगळ्या गाड्या मी नीट सांगत होते. गायला तोंड उघडलं की मात्र मला माझी शीर जाणवायची, खांदे जाणवायचे, भुवई जाणवायची, जणू घरात भरपूर आरसे लावून ठेवलेत. आणि त्याखाली एक साधा, टोचणारा प्रश्न: मी चांगलं गाते का? सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. त्याचं उत्तर कुणीतरी रोज पहाटे देत होतं. आता उत्तर देणारं माणूस म्हणतं, ते मला काय माहीत. मग रविवारी सत्तर लोकांसमोर चाळीस मिनिटं कुणाच्या जिवावर बसायचं? कार्यक्रमातली तिसरी ओळ मला आता वहिनींच्या चौथ्या ओळीइतकीच भीतीदायक वाटायला लागली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तरी चौथ्या ओळीचं आधी बघायला हवं होतं, कारण भावजींनी परीक्षकाच्या खुर्चीची बातमी इस्पितळभर करून ठेवली होती आणि खुर्ची नुसती काढून टाकली असती तर शंभर प्रश्न आले असते.

शुक्रवारी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, मी काचेच्या खोलीतून फलाटांकडे बघत बसले होते. काच दुहेरी आहे. बाहेरचं काहीही आत येत नाही. माणसं ओठ हलवतात, गाड्या धूर सोडतात, सगळं मुकं. तीन नंबरला एक गाडी उभी होती आणि समोरच्या काचेमागे तिचा चालक एकटाच बसून तोंड हलवत होता. मला क्षणात कळलं की तो बोलत नाहीये, फोनवर नाहीये, गातोय. कशावरून? हनुवटी. बोलणाऱ्याची हनुवटी तुटक हलते, गाणाऱ्याची जरा थांबते, एखाद्या जागी टेकते. श्वासही पोटातून घेत होता तो. मी चाळीस पावलांवरून, दोन काचांतून, एका अनोळखी माणसाचं गाणं बघत होते आणि तो कुठं चढतोय, कुठं उतरतोय ते मला दिसत होतं. चांगलं गात होता की वाईट ते देव जाणे. पण किती मनापासून गात होता ते त्याच्या आईलाही इतकं स्पष्ट दिसलं नसतं. चार मिनिटं मी पुढची घोषणा करायची विसरले. मग एकदम उठले आणि माईकवरच म्हणाले, “हात्तिच्या!” अख्ख्या आगाराने वर बघितलं. साहेबांनी बोलावून घेतलं, ते वेगळं.

खेळ असा बदलला. पाच माणसं एका ओळीत उभी करायची. स्पीकरवर गाणं इतकं मोठ्याने लावायचं की बाजूच्याचा आवाजही ऐकू येऊ नये. पाचही जणांनी ओठ हलवायचे; त्यांतल्या एकानेच, ज्याच्या चिठ्ठीवर फुली असेल त्याने, खरं गायचं. समोरच्या खुर्चीतून वहिनींनी ओळखायचं, गातंय कोण. वहिनींना मी शनिवारी सकाळी जिन्यातच गाठून हे सांगितलं. त्या कठड्याला धरून ऐकत राहिल्या. “म्हणजे ऐकायचं नाही?” “ऐकूच येणार नाही. कुणालाच.” “बघायचं?” “बघायचं.” त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, तसं हसू मी त्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. परीक्षेत नेमका पाठ केलेला प्रश्न आलेल्या मुलीसारखं. मग लगेच गंभीर झाल्या. “आणि चुकले तर?” “चुकलात तर खेळ आहे, वहिनी. सगळेच चुकणार. तुमच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही.” त्या म्हणाल्या, “बरं,” आणि दोन पायऱ्या उतरून पुन्हा मागे वळल्या. “तू दोन दिवस खाली आली नाहीस.” मी म्हटलं, घसा. त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं. बघितल्यावर कळणारच होतं त्यांना, गळ्याला काही झालेलं नाही ते.

दुपारी आम्ही रंगीत तालमीला हॉलवर गेलो: मी, वहिनी, भावजी आणि वहिनींची सून. दार उघडलं आणि सून म्हणाली, “काकू, कोण गेलं?” मंचाच्या मागच्या पांढऱ्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत दोन रुंद काळ्या पट्ट्या लटकत होत्या. सजावटवाला शिडीवर उभा राहून अभिमानाने आमच्याकडे बघत होता. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, “तुम्हीच सांगितलंत ना मॅडम. मी इथं माप घेत होतो तेव्हा तुम्ही फोनवर चारदा बोललात. काळी दोन पट्टी पाहिजे, दुसरी चालणार नाही, मागच्या वेळी पांढरी दिली तर माझं सगळंच बिघडलं.” मी कीबोर्डवाल्याला माझ्या गाण्याची पट्टी सांगत होते! बिचाऱ्याने लिहून घेतलं, बाजारात जाऊन कापड आणलं, शिवून लटकवलं. भावजी हसून हसून पहिल्या रांगेत बसले. मी त्याला समजावून सांगायला लागले, की अहो, पट्टी म्हणजे सुराची उंची, काळी दोन म्हणजे कीबोर्डवरची दुसरी काळी, तिथून माझं गाणं सुरू होतं. तो मान हलवत होता आणि त्याला ओ की ठो कळत नव्हतं. माझ्या कानाशी वहिनी अगदी हळू म्हणाल्या, “मलाही वीस वर्षं ड्रेसिंगचीच पट्टी वाटायची.” मी चमकून बघितलं. चेहरा सरळ. वीस वर्षं या बाईने ‘पट्टी’ हा शब्द आमच्यात बसून बरोबर वापरला होता, भावजींना ‘आज पट्टी जरा खाली घ्या’ असं सांगितलं होतं, आणि भावजींनी ती खाली घेतली होती, आणि बरं गायले होते. त्यांचा घसा थकलेला तिला दिसला असणार. आमच्या सगळ्यांच्या कानांनी मिळून जे झालं नाही ते हिने नुसतं बघून केलं होतं, आणि वर स्वतःला कमी लेखून आयुष्यभर घाबरत राहिली होती. त्या क्षणी मला वाटलं, आपण हिच्या पायाशी बसून काहीतरी शिकायला हवं होतं. आपण काय केलं? तर रोज पहाटे हिला गाऊन दाखवलं.

ओळीत भावजी, सून, मी, सजावटवाला आणि तेवढ्यात येऊन पोचलेला कीबोर्डवाला. वहिनी समोर, साध्याच खुर्चीत. चिठ्ठ्या वाटल्या, स्पीकर सुरू केला. हॉल रिकामा असल्याने आवाज असा आदळला की खिडक्या थरथरल्या. पहिल्या फेरीत पाच सेकंदांत वहिनींनी भावजींकडे बोट केलं. भावजींनी चिठ्ठी फडकवली, फुली! दुसऱ्या फेरीत त्यांनी सजावटवाल्याला पकडलं, आणि तो तर जन्मात पहिल्यांदा गात होता, लाजेने मान खाली घालून. “आई, तुम्हाला या गोंगाटात ऐकू कसं आलं?” सून ओरडली. भावजी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “सूनबाई, ते तुझ्या-माझ्या कानाचं काम नव्हे.” मला भावजींचा आनंद बघवेना, इतका तो मोठा होता. वहिनी नवऱ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं मला दिसलं. मलाही आता दिसायला लागलं होतं.

तिसऱ्या फेरीत माझी चिठ्ठी कोरी. बरं झालं, म्हटलं. स्पीकर सुरू झाला आणि मी ओठ हलवायला लागले. स्पीकरवरचं गाणं मला येत नव्हतं, म्हणून मी माझंच घेतलं, उद्या म्हणायचं होतं ते, नुसते ओठ. पहिली ओळ गेली. समोर वहिनी. त्यांची नजर भावजींवरून सुनेवर आली, सुनेवरून माझ्यावर, पुढे गेली. दुसरी ओळ. माझ्या डोक्यात स्पीकरचा दणदणाट होता आणि त्याच्या खाली कुठेतरी, ज्या जागेवर मी वर्षानुवर्षं धडपडत आले ती जागा येत होती. मला वाटलं, इथं त्या वा म्हणायच्या. इथंच. आणि मी विचार केला, त्यांना ऐकू येत नव्हतं ते, त्यांना दिसत होतं. आणि मला तरी काय हवं होतं? कुणीतरी बघावं की मी किती जीव काढतेय. गाणं चांगलं की वाईट हे सांगणारे पुष्कळ भेटतील, नंतर कळवतो म्हणणारे. सव्वीस वर्षं न चुकता बघणारं एकच माणूस माझ्या वाट्याला आलं, आणि मी दोन दिवस तोंड फुगवून बसले होते. ती जागा आली. गेली. कशी गेली, नुसत्या ओठांनी की आवाजासकट, ते मला कळलं नाही, त्या गोंगाटात मला माझंच काही ऐकू येत नव्हतं.

वहिनींची नजर परत आली आणि माझ्यावर थांबली. त्यांनी बोट केलं. माझ्याकडे.

स्पीकर बंद झाला. “आई, चुकलात!” सून उड्या मारायला लागली. “मी गात होते! ही बघा फुली!” सजावटवाल्याने टाळी वाजवली. भावजी माझ्या हातातल्या कोऱ्या चिठ्ठीकडे बघत होते आणि मग बायकोकडे, आणि त्यांच्या कपाळावर एक बारीकशी आठी होती, छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच असेल. वहिनींनी बोट खाली घेतलं नाही. पण त्यांचा चेहरा उतरला. “ही गात होती,” त्या म्हणाल्या, हळू, स्वतःशीच.

“होते,” मी म्हटलं. “मी गात होते, भावजी. चिठ्ठी कोरी होती तरी गात होते. राहवलं नाही. नियम मी मोडला, त्या चुकल्या नाहीत.”

“दोन दिवस तुझा घसा बसलाय ना?” भावजी म्हणाले.

बोलण्यात वेळ घालवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी कीबोर्डवाल्याला म्हटलं, काळी दोन द्या. त्याने दिली. त्या काळ्या पट्ट्यांच्या पडद्यासमोर, शिडीच्या बाजूला उभी राहून मी गायला लागले, मोकळ्या आवाजात, सगळ्यांसमोर. पहिला सूर फाटला. दुसरा लागला. वहिनी खुर्चीतून उठल्या, रिकाम्या खुर्च्यांमधून वाट काढत पार पुढे आल्या आणि माझ्यासमोर दोन हातांवर येऊन उभ्या राहिल्या, नीट दिसावं म्हणून.